स्पितीला जायचंय, क्लासिक 350 च्या सीटचे आणि कॅरिअरचे माउंट मजबूत कसे करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की 2016 ची क्लासिक 350 आहे, मागे मिसेस, दोन्ही बाजूंना पॅनियर (बाजूला लटकणाऱ्या बॅगा), वर टॉप बॅग, पुण्याहून हिमाचलमधली स्पिती, बाहेरून बसवलेली वन-पीस सीट मागून हलते, कॅरिअर खडखडतो आणि वेल्डर म्हणतोय की सगळं फ्रेमला फुल वेल्ड मारून टाकतो, परत बघायला नको. तर आधी त्या वेल्डरला थांबवा, बाकीचं निवांत करता येईल.

कॅरिअर आणि सीटचे ब्रॅकेट एका दणक्यात क्वचितच तुटतात. ते थकून तुटतात. तुमचं इंजिन 70 बाय 90 चं लाँग स्ट्रोक सिंगल आहे, 3000 आरपीएमला ते सेकंदाला 50 वेळा गाडी हलवतं, म्हणजे तासाला 1 लाख 80 हजार वेळा, खड्डे वेगळेच. एवढ्या वेळा थोडं थोडं वाकलं की चीर पडते आणि ती जवळपास नेहमी वेल्डच्या कडेला पडते, कारण तिथला पाईप उष्णतेने बदललेला असतो आणि जाडीही तिथेच एकदम बदलते. त्यामुळे पाईपभोवती गोल फुल वेल्ड मारला की तुम्ही फ्रेमवर चीर पडायची नवीन जागा तयार करता. आत्ता तुटला तर कॅरिअरचा ब्रॅकेट तुटेल, तो बदलता येतो, पण वेल्ड करून टाकल्यावर फ्रेमचा पाईप तुटेल. बोल्टवर बसणारी वस्तू बोल्टवरच ठेवा हो.

आता वजनाचं बघा, कारण खरं मजबूत करणं इथे आहे. समजा कॅरिअरच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये 15 सेंटिमीटर अंतर आहे आणि 12 किलोच्या बॅगेचा मध्य मागच्या बोल्टच्याही 30 सेंटिमीटर मागे आहे. पुढच्या बोल्टवर वरच्या दिशेने 24 किलोची ओढ येते आणि मागच्यावर 36 किलो दाब, हे गाडी उभी असताना. खड्ड्यात हेच सहज तिप्पट होतं. तीच बॅग 15 सेंटिमीटर पुढे सरकवली तर पुढच्या बोल्टवरची ओढ थेट 12 किलोवर येते, अर्धी, आणि खर्च शून्य. म्हणून जड सामान म्हणजे हत्यारं, स्पेअर ट्यूब, पेट्रोलचा कॅन, पाणी हे सगळं पॅनियरमध्ये, खाली आणि जमेल तेवढं चाकाच्या ॲक्सलच्या पुढे. टॉपला फक्त फुगीर हलकं सामान, स्लीपिंग बॅग, जॅकेट वगैरे. 5 लिटर पेट्रोल पावणेचार किलोच्या आसपास भरतं, ते कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला लटकवलेलं बघितलं की मला खरंच कसंतरी होतं. टॉप बॉक्स असेल तर आत वजनाच्या मर्यादेचं लेबल असतं ते वाचा, लोकांना वाटतं त्यापेक्षा तो आकडा बराच कमी असतो.

एवढं करून मग फॅब्रिकेशन. कॅरिअरच्या मागच्या टोकापासून तिरका खाली आणि पुढे येणारा एक सपोर्ट दोन्ही बाजूंना द्या, शॉकअपच्या वरच्या माउंटिंगपाशी. त्रिकोण झाला की पाईपला वाकायचं काम उरत नाही, नुसतं ओढ-दाब सोसायचं काम उरतं आणि ते बारीक पाईपही आरामात करतो. 12 ते 16 एमएमचा, 2 एमएम जाडीचा पाईप पुरे. टोकं हातोड्याने चपटी करून भोक पाडतात ना, ते करू देऊ नका, बरोबर त्या चपट्या घडीवरच तुटतं, त्याऐवजी टोकाला 5 एमएम पट्टीचा लग, म्हणजे भोक असलेला कान, वेल्ड करून घ्या. आणि एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात, डाव्या आणि उजव्या बाजूला जोडणारा आडवा पाईप, नंबर प्लेटच्या मागून. पॅनियर वर-खाली जेवढे हलतात त्यापेक्षा जास्त आत-बाहेर डुलतात, आणि तुमची ती खडखड बहुतेक त्याचीच असणार. गाडी स्टँडवर घ्या, पॅनियरची फ्रेम हाताने बाहेर ओढून बघा, लगेच कळेल.

सपोर्ट फक्त फ्रेमला बांधायचा, स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, कधीच नाही, तो हलणारा भाग आहे. शॉकअपच्या बोल्टवर पट्टी अडकवणार असाल तर मूळपेक्षा पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब बोल्ट किंवा स्टड लागतो, नटाच्या बाहेर दोन आटे तरी दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ती जागा वापरू नका. आणि सगळं लावल्यावर दोघं बसून, सामानासकट गाडी दाबून बघा टायर किंवा मडगार्ड कुठे लागतंय का.

बोल्टचं लोक फार हलक्यात घेतात. डोक्यावर 8.8 (ताकदीचा ग्रेड) लिहिलेला एचटी म्हणजे हाय टेन्साइल बोल्ट घ्या, नाना पेठेत कुठेही मिळतो. चकचकीत स्टेनलेसचा मोह नको, नेहमीचा ए2-70 वाला स्टेनलेस 8.8 पेक्षा लवकर ताणला जातो. 8 एमएमचा 8.8 बोल्ट साधारण 25 न्यूटन मीटरला, 6 एमएमचा साधारण 10 ला. बोल्ट घट्ट असला की दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून राहतात आणि वजन त्या घर्षणावर जातं, सैल असला की पट्टी बोल्टवर आपटत राहते, भोक लांबुळकं होतं आणि मग कितीही आवळा, टिकत नाही. भोक आधीच लांबुळकं झालं असेल तर वायसर घालून झाकू नका, पट्टीच बदला. दोन धातूंमध्ये मऊ रबर, जाड पावडर कोटिंग किंवा रंगाचा थर ठेवू नका, तो दबत जातो आणि बोल्ट ढिला पडतो. रबर हवंच असेल तर आत लोखंडी बुश असलेलं, म्हणजे बोल्ट बुशवर आवळला जातो. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) किंवा आट्यांना लावायचं निळं लॉकटाईट, आणि शेवटी नटावरून पट्टीवर पेंटची एक रेघ ओढा. रोज सकाळी नुसतं बघायचं, रेघ तुटली तर नट फिरलाय.

फ्रेमवर वेल्डिंग तेव्हाच जेव्हा मूळ लगला चीर गेलीय. माउंटच्या आसपास रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर ती चीरच समजा. तिच्या टोकाला 3 एमएमचं भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग ग्राइंडरने व्ही करून आर्गन किंवा सीओटू वेल्डिंग. पातळ पाईपवर साधी आर्क नको, भोकं पडतात. वरून गसेट, म्हणजे मजबुतीची पट्टी, लावायचा तर लांबट, टोकाकडे निमुळता होत जाणारा, आणि वेल्डचा टाका पाईपच्या लांबीने मारायचा, आडवा गोल नाही. वेल्डिंगआधी टाकी काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, सीटखालची वायरिंग बाजूला करा, आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा. तुमची गाडी कार्बोरेटरवाली आहे म्हणून ईसीयू (फ्युएल इंजेक्शनचा कॉम्प्युटर) नाही, पण इग्निशनचं टीसीआय युनिट, म्हणजे स्पार्क सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आहेच, त्याचा कपलर सोडवा. क्रोम किंवा झिंकवर वेल्ड करू देऊ नका, आधी घासून लोखंड उघडं करायचं, तो धूर वेल्डरच्या छातीत जातो. मग प्राइमर आणि रंग लगेच, पावसाळा बघू नका.

सीटचं सोपं आहे. हलते म्हणजे एकतर खालच्या रबरी गट्ट्या दबल्यात किंवा पडल्यात, नाहीतर बेसचं भोक फाटलंय. गट्टी नसली की दोघांचं सगळं वजन दोन बोल्टवर जातं, खरं तर बोल्टचं काम फक्त सीट जागेवर धरायचं. आधी सगळ्या गट्ट्या नवीन, उंची अशी की सीट ठेवल्यावर सगळ्या एकदम टेकतात, बेसला खालून खडू लावून ठेवून बघितलं तर कुठे टेकत नाही ते दिसतं. बेस प्लॅस्टिकचा असेल आणि भोक फाटलं असेल तर ॲरल्डाईटच्या नादी लागू नका, त्या प्लॅस्टिकला ते धरत नाही. 2 एमएम ॲल्युमिनियमची तळहाताएवढी पट्टी आतून आणि मोठा वायसर बाहेरून, मधे बोल्ट. सीट कॅरिअरच्या पाईपला टेकत असेल तर मात्र कॅरिअरच बदलून घ्या, मिसेसचं वजन त्या पाईपवर अजिबात यायला नको.

निघायच्या दोनेक आठवडे आधी पूर्ण सामान लादून ताम्हिणी किंवा वरंधा घाटात एक दिवसाची राईड करा, मुद्दाम खराब रस्ता शोधा. परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावा. नवीन जोड पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये बसतो, तेव्हा थोडं आवळावं लागणं नॉर्मल आहे, दुसऱ्या वेळेला तोच बोल्ट परत सैल मिळाला तर तिथे काहीतरी चुकतंय, तसेच निघू नका. काझा, लोसर, कुंझुम करून बातल ते ग्राम्फू हा स्पितीहून मनालीकडे येणारा पट्टा म्हणजे दगड, नाले आणि पहिला-दुसरा गियर, तिथे वेल्डर मिळेल या भरवशावर जाऊ नका. कॅरिअर तिथे नुसता तुटला तर वैताग, पण तुटून मागच्या चाकात गेला तर मागे बसलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

बरोबर 6 आणि 8 एमएमचे चार-चार बोल्ट नायलॉक नटांसकट, पाच-सहा होज क्लॅम्प, थोडी बाइंडिंग वायर आणि दोन रॅचेटचे पट्टे ठेवा. पाईपला चीर गेलीच तर टायर लिव्हर फळीसारखा आडवा बांधून वर होज क्लॅम्प आवळायचे, टॉप बॅग मोकळी करून सामान पॅनियरमध्ये कोंबायचं आणि हळूहळू मनालीपर्यंत यायचं. कॅरिअरचा आणि सीटखालचा फोटो टाकलात तर तिरका सपोर्ट नेमका कुठे घ्यायचा ते सांगतो.