दलदलीकडे कसं पाहायचं?

प्रश्न : धबधबा, जंगल, बर्फाचा डोंगर यांच्यासाठी लोक जीव टाकतात, चिखलाच्या, ओसाड दिसणाऱ्या जागेसाठी कुणी उभं राहत नाही. मग पर्यावरणाच्या विचारात सौंदर्याला जागाच कशाला द्यायची?

उत्तर : सौंदर्याला हद्दपार करू नका, ही माझी कळकळीची विनंती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न निघाला की मी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीपासून सुरुवात करते. लांबून पाहिलं तर तपकिरी, सपाट, पाय रुतेल असा चिखल. वाकून पाहा : स्फॅग्नम नावाचं शेवाळ वरून वाढतंय आणि खालून मरतंय. पाण्याखाली ऑक्सिजन इतका तुटपुंजा, की मेलेला भाग धड कुजत नाही. थरावर थर साचतो, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. कमरेइतका थर म्हणजे सुमारे हजार वर्षांची साठवण! जगातल्या जमिनीपैकी अवघी ३ टक्के जागा या दलदलींची, पण सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याहून जास्त कार्बन त्यांच्यात आहे. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते, कुजणं सुरू होतं आणि तो कार्बन वायू होऊन निघून जातो.

हे कळल्यावर ती जागा पूर्वीसारखीच दिसते का? मला नाही दिसत. कॅनडातले तत्त्वज्ञ ॲलन कार्लसन हेच सांगतात : निसर्ग म्हणजे चौकटीतलं चित्र नव्हे, भूविज्ञान, जीवशास्त्र जे सांगतं ते जाणून त्याच्याकडे पाहा. मला हे पटतं. फक्त तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्याची जाणही ज्ञानात धरावी, असं माझं मत आहे. २००० साली फ्लॉरेन्समध्ये झालेल्या युरोपीय भूदृश्य करारानं नावाजलेल्या देखाव्यांबरोबर रोजच्या पाहण्यातल्या आणि बिघडलेल्या जागाही भूदृश्यात धरल्या, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

तुमची शंका एका ठिकाणी मात्र खरी आहे. सगळं जाणूनही एखाद्याला दलदल कुरूपच वाटली तर? तरी तिचं पाणी काढायचा हक्क त्याला मिळत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात नोकरी केलेल्या आल्डो लिओपोल्ड यांचा भूमीविषयक नीतीवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली पुस्तकात आला. योग्य कृतीची त्यांची कसोटी जीवसमुदायाची अखंडता, स्थैर्य आणि सौंदर्य अशी तिहेरी आहे. पहिली दोन ढळत असतील तर निव्वळ देखणेपणाचा कौल मी मानत नाही. कीटकनाशकं मारून राखलेली एकाच गवताची हिरवळ कितीही नेटकी दिसो, या कसोटीला ती उतरत नाही.