तासाला ११ केमन डॉलर: दोहा सोडून जावं का?

प्रश्न: सर, मी कराडजवळच्या गावचा, वय ३१. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केला, पुण्यात एका डीलरकडे स्प्लिट एसी बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम केलं. आता पाच वर्षं दोह्यात एका मेंटेनन्स कंपनीत आहे. पगार ३२०० रियाल, राहणं कंपनीचं. मुंबईच्या एका एजंटानं कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरची नोकरी आणली आहे: तासाला ११ केमन डॉलर, आठवड्याला ४५ तास, इन्कम टॅक्स नाही. राहण्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही. एजंट साडेतीन लाख मागतो, त्यात ‘वर्क परमिट फी’ म्हणून दीड लाख धरले आहेत. बायको आणि चार वर्षांची मुलगी गावी असतात, पुढे त्यांनाही न्यायचं मनात आहे. जावं का?

उत्तर: साडेतीन लाख देऊ नका. बाकीचं त्यानंतर बोलू.

केमनमध्ये वर्क परमिटचा अर्ज मालक करतो, फी मालक भरतो आणि ती कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. तेव्हा तो दीड लाखाचा आकडा एकतर एजंटाच्या खिशात जाणार आहे, नाहीतर तिथला मालकच कायदा मोडतो आहे. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी अशा माणसांच्या भरवशावर अर्धी पृथ्वी ओलांडून जाऊ नये. आपल्याकडेही १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली, तर त्याचा फोन उचलणं बंद करा.

ज्या देशांत जाणाऱ्या कामगारासाठी आपलं सरकार एमिग्रेशन क्लिअरन्सची अट घालतं, त्या यादीत आखाती देश आहेत, केमन नाही. त्यामुळे तुमचा करार वाचून बघणारं सरकारी माणूस वाटेत कुणी भेटणार नाही, ते काम तुम्हालाच करावं लागेल. मालक कंपनीचं नाव मागा. परदेशी माणूस घेण्याआधी मालकाला ती जागा तिथल्या सरकारच्या जॉब्सकेमन पोर्टलवर जाहीर करावी लागते, ती जाहिरात मागा. मग कंपनीचा ईमेल स्वतः शोधून थेट लिहा. एजंटानं दिलेल्या व्हॉट्सअॅप नंबरवर विचारून काही सिद्ध होत नाही.

आता पगार. केमन डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन. आठवड्याला ४५ तास म्हणजे महिन्याला सरासरी १९५ तास. ११ च्या दरानं २१४५ केमन डॉलर होतात. टॅक्स नाही हे खरं, पण कपात आहे. परदेशी कामगाराला नोकरीचे नऊ महिने झाले की पेन्शनचे ५ टक्के जातात, म्हणजे १०७. आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि निम्मा हप्ता मालक तुमच्या पगारातून घेऊ शकतो, तो १०० धरा. चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली ७५० धरा, जेवणाचे ४०० आणि येण्याजाण्याचे, फोनचे २००. बेटावर तांदळापासून टोमॅटोपर्यंत बहुतेक सगळं जहाजानं येतं, त्यामुळे ४०० मध्ये भागवायचं तर घरीच रांधावं लागतं. उरले ५८८ केमन डॉलर. अमेरिकन डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साठ हजार रुपये.

दोह्यात ३२०० रियालमधून मेस आणि वरखर्चाचे ६०० काढले तर २६०० उरतात. त्याच हिशेबानं तेही साठ हजारच. म्हणजे साडेतीन लाख भरून, विमानाचे बारा-पंधरा तास वाढवून तुम्ही आज जिथे आहात तिथेच पोचणार.

हाच हिशेब १६ च्या दरानं करा. महिन्याचे ३१२० होतात, कपात आणि तोच खर्च वजा जाऊन पंधराशेच्या वर उरतात, म्हणजे दीड लाख रुपये. दर दीडपटीपेक्षा कमीच वाढला, शिल्लक मात्र अडीच पट झाली, कारण घरभाडं आणि जेवण तेवढंच राहतं. म्हणून कॅरिबियनच्या कुठल्याही बेटावरच्या नोकरीत पहिला प्रश्न राहण्याचा विचारा. ११ चा दर आणि कंपनीची खोली असं पत्र आलं असतं, तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं.

आणि १६ मागण्याइतकं काम तुम्हाला येतं का? माझ्या मते बरंचसं येतं, पण जे येत नाही ते जाण्याआधी शिकायला हवं. मी देवगडचा. क्रूझ जहाजांवर रेफ्रिजरेशन मेकॅनिक होतो. केमनची राजधानी जॉर्ज टाऊनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, आमचं जहाज बाहेर नांगरून उभं राहायचं आणि प्रवासी छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जायचे. पुढे त्याच बेटावर, सेव्हन माइल बीचच्या एका हॉटेलात मेंटेनन्सला राहिलो. आखातातून आलेली हुशार पोरं तिथे पहिल्या महिन्यात कुठे अडतात, ते जवळून पाहिलंय.

पुण्यात आणि दोह्यात तुम्ही ५० हर्ट्झच्या विजेवर काम केलंत. केमनमध्ये वीज १२०/२४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. भारतात मिनिटाला २९०० फेऱ्यांनी फिरणारा कॉम्प्रेसर तिथे ३५०० नं फिरतो, अँपिअरचे आणि प्रेशरचे आपल्या डोक्यात बसलेले आकडे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, प्लेट वाचावी लागते. यंत्रं मुख्यतः मायामीहून येतात, अमेरिकन पद्धतीची. भिंतीवरचा स्प्लिट असतो, पण घरांत डक्टचं, म्हणजे थंड हवा खोल्याखोल्यांत नेणाऱ्या नळ्यांचं, काम फार. माळ्यावर किंवा कपाटात एअर हँडलर, बाहेर कंडेन्सर, भिंतीवर थर्मोस्टॅट. त्याचं कंट्रोल २४ व्होल्टवर चालतं: लाल वायर पुरवठ्याची, पिवळी कॉम्प्रेसरची, हिरवी पंख्याची आणि एक कॉमन. फक्त रिमोटचे एसी हाताळलेला माणूस ही चार टर्मिनलं बघून थांबतो. खरं तर दोन दिवसांत समजेल असं काम आहे, पण मुलाखतीत किंवा पहिल्याच कॉलवर ते यायला हवं. डबल कॅपॅसिटरवरची सी (कॉमन), हर्म (कॉम्प्रेसर) आणि फॅन (पंखा) ही टोकं ओळखा. ड्रेन लाइन शेवाळानं तुंबते, फ्लोट स्विच यंत्र बंद पाडतो आणि गिऱ्हाईक ‘एसी मेला’ म्हणून फोन करतं. दमट बेटांवर हा रोजचा कॉल आहे.

तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती एसीत आर-४१०ए हा गॅस बंद होऊन आर-३२ आणि आर-४५४बी हे सौम्य ज्वलनशील गॅस आले. तीच यंत्रं आता बेटांवर उतरतात आणि तिथले जुने मेकॅनिक या गॅसला बिचकतात. भारतात आर-३२ चे स्प्लिट कित्येक वर्षं बसताहेत. पुण्यात तुम्ही त्यावर काम केलं असेल तर बायोडेटात अगदी वर, ठळक लिहा: कोणत्या क्षमतेची यंत्रं, व्हॅक्युम किती मायक्रॉनपर्यंत काढता, नायट्रोजन सोडत ब्रेझिंग करता का. दोह्यात चिलर किंवा व्हीआरएफवर (मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणांवर) काम केलं असेल तर तेही लिहा. हॉटेलं त्यालाच जास्त पैसे देतात.

दुसरं, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची ‘६०८’ नावाची गॅस हाताळणीची परीक्षा. तिची युनिव्हर्सल श्रेणी काढा. प्रमाणपत्राला मुदत नसते आणि अमेरिकन यंत्रं वापरणाऱ्या बेटांवरचे मालक ते ओळखतात. पेपर इंग्रजीत असतो, पण त्यातलं इंग्रजी तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलंच आहे. एजंटाला द्यायच्या रकमेच्या छोट्याशा भागात हे सगळं होतं, आणि ते कायम तुमचं राहतं.

परमिट एका मालकाच्या आणि एका कामाच्या नावे असतं. रविवारी शेजाऱ्याचा एसी पैसे घेऊन दुरुस्त केला तरी तो गुन्हा होतो. दोह्यात ‘बाहेरची कामं’ करायची सवय असेल तर ती तिथेच सोडून जा. राहण्यालाही मर्यादा आहे: सर्वसाधारणपणे नऊ वर्षं झाली की बेट सोडावं लागतं. आठ वर्षांनंतर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, पण तो गुणांवर ठरतो आणि मिळेलच असं धरून कुणी घर बांधू नये.

बायको-मुलीला नेण्याचा विचार पहिल्या परमिटवर करू नका. कुटुंबासाठी पगाराची अट असते आणि परदेशी कामगारांची मुलं बहुतेक खासगी शाळेत जातात. ११ च्या दरात ते बसणार नाही, १६ मध्येही ओढाताण होईल. मुलीच्या वयाकडे बघून सांगतो, तुम्ही तिथे दोन वर्षं काढून दर वाढवून घ्या आणि मग ठरवा.

प्रवासाचंही आधी बघा. भारतातून थेट विमान नाही. मायामीवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनवरून गेलात तर ब्रिटनच्या ट्रान्झिटचे नियम बघावे लागतात. तिकीट कोण काढणार, परतीचं कोण देणार, हे करारात लिहून घ्या. तिथे आपलं स्वतंत्र दूतावास कार्यालय नाही, जमैकातल्या किंग्स्टनचं भारतीय उच्चायोग केमनचं काम बघतं. तो फोन नंबर निघण्याआधीच घरच्यांकडे लिहून ठेवा.

तेव्हा सध्या दोहा सोडू नका. ६०८ काढा, बायोडेटा नीट करा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात थेट कंपन्यांना अर्ज पाठवा. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला पर्यटकांचा मोसम, त्याआधी हॉटेलं डागडुजी उरकून माणसं भरतात. ही कंपनी खरी निघाली, तर तिलाच लिहा: खोली द्या, नाहीतर १५ च्या वर या.

प्रश्न: मी सांगलीचा परवानाधारक वायरमन आहे. कॅरिबियनमध्ये आपल्यासारखी वीज कुठे आहे? चक्रीवादळांनंतर तिकडे खूप काम निघतं असं ऐकतो. (वय ३८)

उत्तर: सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंटमध्ये आपल्यासारखीच २३० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. काम ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे तुमचा हात तिथे लवकर बसेल. अँटिग्वा आणि सेंट किट्समध्ये २३० व्होल्ट पण ६० हर्ट्झ. बार्बाडोस ११५ आणि ५०, जमैका ११० आणि ५०. त्रिनिदाद, बहामा आणि केमन हे ६० हर्ट्झवर, ११५ ते १२० व्होल्टचे. बहामा-केमनकडे अमेरिकन वायरिंग कोड चालतो, तो वेगळा अभ्यासावा लागतो आणि केमनमध्ये वायरमनला स्थानिक परवानाही लागतो.

अडचण अशी की जिथली वीज आपल्यासारखी, तिथेच आपल्याला शिरकाव कठीण. ती बेटं कॅरिकॉमची, म्हणजे कॅरिबियन देशांच्या संघटनेची, सदस्य आहेत. शेजारच्या बेटावरचा इलेक्ट्रिशियन कॅरिबियन व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन परमिटशिवाय तिथे काम करू शकतो. बार्बाडोस, बेलीझ, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंटनं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून एकमेकांच्या नागरिकांना पूर्ण मोकळीक दिली आहे. मालक तुमच्यासाठी परमिटची खटपट का करील? आणि पगारही तिथे कमी आहेत. केमन कॅरिकॉमचा फक्त सहयोगी सदस्य आहे, तिथे जमैकाच्या माणसालाही तुमच्यासारखंच परमिट लागतं. म्हणून अवघड कोड शिकावा लागला तरी मी तुम्हाला तीच बाजू सुचवीन.

वादळानंतरचं काम खरं आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिलनं ग्रेनाडाचं कॅरिअकू बेट झोडपलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसानं जमैकाचा पश्चिम भाग. पण ते काम ठेकेदारांमार्फत, थोड्या मुदतीचं असतं, आणि घरं मोडलेली असल्यानं राहायची जागाच मिळत नाही. अशा कामाला जाणार असाल तर मुक्काम, पाणी, विमा आणि परतीचं तिकीट या चार गोष्टी लेखी घ्या. महाराष्ट्राचा परवाना तिथे चालणार नाही, पण अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्या आणि पासपोर्ट कार्यालयातून पोलिस क्लिअरन्सचा दाखला काढा.