ज्याने ढोलकी फोडली, त्याच्या पायाची मलमपट्टी

"मी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरा-सोळा घरांची. चार महिन्यांपूर्वी रविवारी उपासना चालू असताना तीसेक जण आत घुसले. 'बाटगे' म्हणाले, पाळकसाहेबांना मारलं. आमच्याच गल्लीतल्या एका पोराने ढोलकी लाथेने फोडली, मी डोळ्यांनी पाहिलं. तक्रार द्यायला गेलो तर उलट आम्हालाच दरडावून परत पाठवलं. गेल्या महिन्यात त्या पोराचा मोटरसायकलवरून अपघात झाला. पायात रॉड टाकलाय, जखम चिघळलीय. रोज तालुक्याला नेणं आईला परवडत नाही. ती दारात येऊन म्हणाली, 'सिस्टर, तेवढं ड्रेसिंग करून द्याल का?' मी 'बघते' म्हणाले. मंडळीची पंचकमिटी म्हणते जाऊ नका, धर्मांतरासाठी आमिष दाखवलं म्हणून केस होईल. मिस्टर म्हणतात, देवानेच दाखवलं त्याला. आणि खरं सांगू? मला त्याच्याबद्दल प्रेम वाटत नाही. चेहरा आठवला की हात थरथरतात. मग मी कसली ख्रिस्ती? – एक भगिनी"

भगिनी, सलाम.

तुमचं पत्र चारदा वाचलं. ढोलकीपाशी दर वेळी थांबले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, पण त्यांची भजनं आजही नगरकडच्या कितीतरी मंडळ्यांत टाळ-ढोलकीवर म्हटली जातात. आपल्याला परके म्हणणाऱ्यांनी लाथ मारली ती ढोलकीवर, याचं मला फार वाईट वाटलं.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण बाकीचं सगळं त्याच्यापायी अडलंय. प्रेम वाटत नाही म्हणून तुम्ही खोट्या ख्रिस्ती, हे कुणी सांगितलं तुम्हाला? बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय काढा. दिमिष्कातला, म्हणजे दमास्कसचा, येशूचा शिष्य हनन्या. शिष्यांचा छळ करणारा शौल येतोय तो आपल्याला बांधून न्यायला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याकडे जा, असं प्रभूने सांगितल्यावर हनन्या लगेच उठला नाही. या माणसाने काय काय केलंय ते त्याने आधी प्रभूलाच ऐकवलं. प्रभू त्याच्यावर रागावला नाही, 'जा' म्हणाला. त्या अध्यायात हनन्याला शौलाविषयी प्रेम वाटू लागल्याचं एक अक्षर नाही. तो गेला, त्याने शौलावर हात ठेवले आणि 'भाऊ' म्हणून हाक मारली, एवढंच लिहिलंय. हात ठेवताना ते थरथरत होते की नाही, हेही लिहिलेलं नाही. मला वाटतं, थरथरत असणार.

तेव्हा माझं मत सरळ सांगते. जा.

मिस्टरांवर रागावू नका. बायकोच्या डोळ्यांसमोर देवघर तुडवलं गेलं, त्या माणसाला राग येणारच. पण त्यांच्याशेजारी बसून लूकचा नववा अध्याय वाचा. यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान म्हणाले, आकाशातून अग्नी पाडू का? येशूने त्यांनाच धमकावलं. आणि पुढच्याच अध्यायात त्याने गोष्ट सांगितली ती वाटेत लुटल्या गेलेल्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची. ज्या लोकांनी दार लावलं, त्यांच्यातलाच माणूस त्याने चांगुलपणाचा नमुना म्हणून उभा केला. आणि ताई, त्या शोमरोन्याने काय केलं? जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. ड्रेसिंगच की ते!

आता पंचकमिटी. त्यांची भीती खोटी नाही, तिला भित्रेपणा म्हणू नका. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी दुष्काळापासून ऐकलाय, आणि आज तर कुणाला तांब्याभर पाणी दिलं तरी त्याचा अर्थ लावणारे आहेत. म्हणून जाल ते सगळ्यांच्या देखत जा. जखम चिघळलीय म्हणता, तर ज्या डॉक्टरांनी रॉड टाकला त्यांनी ती आधी बघायलाच हवी. आत रॉड असताना पू म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ड्रेसिंग कसं आणि किती दिवसांनी करायचं, याची चिठ्ठी त्यांच्याकडून लिहून घ्या. ती त्याच्या पायासाठीही हवी आणि तुमच्यासाठीही. दिवसाउजेडी जा, दार उघडं ठेवा, आई खोलीत असू द्या. पैसे घेऊ नका, गॉझ आणि बेटाडीन मात्र त्यांनाच आणू द्या, म्हणजे उपकाराचं ओझं वाढत नाही.

एका बाबतीत मी फार कडक आहे. त्या घरात धर्मप्रचाराची पत्रिका न्यायची नाही, शुभवर्तमान न्यायचं नाही, 'आमच्या प्रभूने तुला वाचवलं' हे वाक्यही नको. केसच्या भीतीने म्हणत नाही मी. जखमेने अडलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्यापुढे आपला विश्वास मांडणं म्हणजे त्या विश्वासाचाच अपमान. शोमरोन्याने जखमीला आपल्या डोंगरावर उपासनेला बोलावलं नव्हतं. उतारशाळेत पैसे भरले आणि आपल्या वाटेने गेला. छळ करणारा शौल बदलून प्रेषित पौल झाला, तसं या पोराचंही काही होईल, ही आशासुद्धा घरी ठेवून जा. पाय बरा झाला की तो पुन्हा त्याच टोळक्यात दिसेल, असंही होऊ शकतं. तरी पाय बरा व्हायला हवा.

दुसरं, तक्रारीचं. ड्रेसिंग केलं म्हणून तक्रार सोडायची नाही. शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे, मारहाण वेगळी. ठाण्यात घेत नसतील तर पाळकसाहेबांनी सगळा मजकूर लिहून पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, मिळकत कितीही असो. म्हणजे अर्ज तुमच्या नावानेही करता येईल.

क्षमा आणि न्याय एकत्र कसे चालतील, असं वाटत असेल तर ऑस्ट्रेलियातून आलेल्या मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स आठवा. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी 1999 मध्ये त्यांचे पती ग्रॅहॅम आणि दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांनी क्षमा केली, उघडपणे सांगितलं. बारीपाद्याच्या कुष्ठरोग्यांची सेवा पुढे काही वर्षं चालू ठेवली. आणि खटलाही चाललाच. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या बाईंनी आपल्या मनातला द्वेष सोडला, झालेलं झालं नाही असं म्हटलं नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगा, "मी रोज येईन. पण कोर्टाने विचारलं तर जे पाहिलं ते सांगेन. चालेल ना?" हे बोलणं जड जाईल. ती कदाचित रडेल, कदाचित नको म्हणेल. नको म्हणाली तर तालुक्याच्या दवाखान्यातल्या तुमच्या ओळखीच्या सिस्टरला फोन करा, तिकडे तरी त्याची नीट सोय होईल.

आणि 'चालेल' म्हणाली, तर उद्याच जा. हात थरथरले तर पट्टी सावकाश सोडा, चिकटलेला गॉझ सलाईनने भिजू द्या, ओढू नका. तो डोळे वर करणार नाही. तुम्हीही काही विचारू नका. जखमेकडेच बघा, इतकी वर्षं तेच केलंय तुम्ही. ढोलकीचं कातडं अजून बदललं नसेल तर तेवढं पाळकसाहेबांना सांगा, येत्या रविवारी ती वाजू दे. आणि जखम कशी आहे ते मला कळवा.