मतदार खिशाकडे बघतो, पण नक्की काय बघतो?

विषमता आणि मतदान यावर बरीच पत्रं आलीत, त्यातले तीन प्रश्न घेतोय. पहिल्या दोनांनाच जास्त जागा लागली.

प्रश्न : श्रीमंत मूठभर, बाकीचे बहुसंख्य, आणि मत प्रत्येकाला एकच. मग लोक श्रीमंतांवर जास्त कर लावणाऱ्यांनाच का निवडून देत नाहीत? लोकांना स्वतःचं हित कळत नाही का?

तुमचा पहिला प्रश्न मेल्टझर आणि रिचर्ड या दोन अभ्यासकांनी १९८१ मध्ये गणितात मांडला होता. समजा पाच माणसं आहेत आणि त्यांची कमाई १०, १०, २०, ३० आणि १८०. सरासरी येते ५०, पण बरोबर मधला माणूस २० वर आहे, दोन माणसं त्याच्या खाली, दोन वर, म्हणून निवडणूक त्याच्या मतावर फिरते आणि कराचा पैसा सगळ्यांत वाटला तर त्याचा फायदाच आहे. म्हणजे विषमता वाढली की कर वाढवा म्हणणारे वाढायला हवेत. कागदावर चोख. प्रत्यक्षात अमेरिकेत १९८० नंतर वरच्या एक टक्का लोकांचा एकूण कमाईतला वाटा वाढत गेला, आणि त्याच काळात सगळ्यात वरच्या उत्पन्नावरचा केंद्रीय आयकर ७० टक्क्यांवरून १९८८ पर्यंत २८ वर आला, आणि हे करणारं सरकार लोकांनी १९८४ मध्ये दणदणीत मतांनी परत निवडून दिलं.

का होतं असं? एक म्हणजे आपण शिडीच्या कितव्या पायरीवर आहोत हे बहुतेकांना माहीतच नसतं. आपण आपली तुलना करतो शेजाऱ्याशी, ऑफिसातल्या माणसाशी, नातेवाइकांशी, आणि ते सगळे साधारण आपल्यासारखेच असतात त्यामुळे गरीबालाही वाटतं आपण मधले आणि श्रीमंतालाही तेच वाटतं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला एक सर्व्हे झाला होता, त्यात लोकांना आधी स्वतःची जागा ओळखायला सांगितली आणि मग काही जणांना खरी जागा दाखवली. ज्यांना कळलं की अरे आपण समजत होतो त्यापेक्षा बरेच खाली आहोत, ते गरिबांना जास्त मदत द्यावी असं जास्त म्हणायला लागले. विचारसरणी तीच, फक्त माहिती बदलली!

दुसरं, आज खाली असलेल्याला उद्या वर जायची आशा असते, निदान मुलं तरी जातील असं वाटतं, मग उद्याच्या स्वतःवर आजच कर कशाला लावायचा. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे विश्वास. कर वाढला तरी तो पैसा आपल्या शाळेत, आपल्या दवाखान्यात येईल असं ज्याला वाटत नाही तो त्या बाजूने मत का देईल? म्हणून ‘लोकांना हित कळत नाही’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. ज्यांना सरकारकडून काही मिळाल्याचा अनुभवच नाही त्यांचा हिशोब त्यांच्या जागी बरोबरच असतो.

प्रश्न : कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, तिथले लोक गरिबांची बाजू घेणाऱ्या पक्षांऐवजी एकदम कडव्या राष्ट्रवादी पक्षांकडे का वळतात?

सगळे वळत नाहीत, आणि कोण वळतं हेच बघण्यासारखं आहे. जर्मनीत नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मधल्या काळात मंदी आली, बेरोजगार ६० लाखांच्या आसपास गेले, आणि तेव्हाचे चान्सलर (सरकारप्रमुख) ब्रुनिंग यांच्या सरकारने अशा वेळी खर्च कापला, पगार कापले, कर वाढवले. आपण धरून चालतो की बेरोजगारांनीच हिटलरला मतं दिली, पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की बेरोजगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले आणि नाझींकडे वळले त्यात छोटे दुकानदार, कारागीर, छोटे शेतकरी असे लोक बरेच होते. म्हणजे ज्यांची नोकरी गेली होती ते नाही, ज्यांच्याकडे अजून थोडं काही शिल्लक होतं आणि ते जाईल अशी धास्ती होती ते. घसरण्याची भीती ही गरिबीपेक्षा वेगळी गोष्ट आहे हे मला इथे ठळक दिसतं.

ब्रिटनमध्येही तसंच काहीसं झालं. २०१० नंतर तिथे सरकारी मदतीत आणि स्थानिक सेवांमध्ये मोठी कपात झाली, आणि ज्या भागांना तिचा फटका जास्त बसला तिथे युरोपविरोधी पक्षाची मतं जास्त वाढली असं थीमो फेट्झर या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलंय. जून २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांनी युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला. इमिग्रेशन, ओळख, अभिमान हे सगळं त्यात होतंच, सगळं पैशावर ढकलणं चूक आहे. पण लायब्ररी बंद, बस बंद, भत्ता बंद आणि वर कुणी विचारायला येत नाही, अशा ठिकाणी ‘तुमचं हे या बाहेरच्यांमुळे झालं’ म्हणणारा निदान काहीतरी कारण तरी सांगत असतो. त्याचं उत्तर चुकीचं असलं तरी दुसरं कुणी उत्तरच देत नसेल तर लोक तेच घेतात.

प्रश्न : थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजना म्हणजे मतं विकत घेणंच ना?

मत विकत घेणं म्हणजे ‘मत दे तर पैसे देतो’. नियमाने पात्र असलेल्या प्रत्येकाला मिळणारा पैसा हा वेगळा प्रकार आहे, मग तो कुणालाही मत देवो. परिणाम मात्र होतो, हे खरं. उरुग्वेत २००५ ते २००७ अशी एक योजना होती, पात्रतेची रेष कुटुंब किती गरीब यावरून दिलेल्या गुणांवर ठरवलेली, त्यामुळे रेषेच्या जरा खालचे आणि जरा वरचे अशा जवळपास सारख्याच कुटुंबांची तुलना करता आली. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यात आधीच्या सरकारपेक्षा हे सरकार बरं म्हणणारे ११ ते १३ टक्के पॉइंट जास्त निघाले, आणि योजना संपून पैसे यायचे थांबल्यावरही हा फरक टिकून होता. नुसता सौदा असता तर पैशाबरोबर तोही संपला असता.