पृच्छा : हा नंबर माणसाचा नव्हे, जागेचा

प्रश्न : सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. नातू शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात आहे. त्याला तेंडुलकरचा १० नंबर हवा होता. कोचने ६४ हातात ठेवला. म्हणे, "तू गार्ड, तुला साठातलाच." पोरगं हिरमुसलंय. क्रिकेटमध्ये आवडीचा नंबर घेतात, मग इथेच ही सक्ती का?
— एक आजी

उत्तर : ताई, कोचच्या नावाने बोटं मोडू नका, त्याचा नाइलाज आहे. चढाई करणाऱ्या अकरांपैकी मधले पाच, म्हणजे सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे गार्ड आणि त्यापलीकडचे टॅकल, यांनी समोरच्याला अडवायचं; पुढे फेकलेला चेंडू झेलायचा नाही. आता धावपळीत कोण झेलू शकतो आणि कोण नाही, हे पंचाला कळायचं कसं? तर नंबरवरून. एमएच-१२ दिसलं की गाडी पुण्याची, तसं ५० ते ७९ दिसलं की हा झेलणारा नव्हे. साठातले गार्ड आणि सत्तरातले टॅकल ही जुनी रीत, म्हणून ६४.

आमच्या गावच्या शाळेच्या सामन्यांत मी बाजूच्या रेषेवर दहा यार्डांची साखळी धरायला उभा असतो. बचावाच्या मागे उभा असलेला पंच दर खेळीआधी ओठ हलवत अकरा मोजतो आणि भरले की मूठ पुढे करतो. मोजताना त्याची नजर छातीवरच्या आकड्यांवरच असते. शाळांच्या नियमाप्रमाणे, किकची मांडणी सोडली तर, ओळीत ५० ते ७९ मधले निदान पाच लागतात. नातवाने १० घातला तर उरले चार, आणि पंचाचा पिवळा रुमाल, म्हणजे दंड, पडलाच म्हणून समजा.

व्यावसायिक सामन्यांत, म्हणजे एनएफएलमध्ये, यातून एक पळवाट आहे. ७० नंबरवाल्यालाही झेलता येतं, पण खेळीआधी मुख्य पंचाकडे जाऊन तसं सांगावं लागतं. छातीवरून हात वर-खाली फिरवायचा, मग पंच मैदानभर पुकारा करतो. या पुकाऱ्याने ३० डिसेंबर २०२३ला डेट्रॉइटचा घास हिरावला. डलासविरुद्ध २३ सेकंद उरले असताना टेलर डेकरने (नंबर ६८) सामना जिंकून देणारा दोन गुणांचा झेल घेतला. पंचांनी पुकारा केला होता ७० नंबरचा! झेल रद्द झाला आणि डलास २०-१९ने जिंकलं. डेट्रॉइटवाले अजून त्या नावाने शंख करतात, आणि मला त्यांचं पटतं.

जागेनुसार नंबर ही पद्धत एनएफएलने १९५२ साली आणली आणि १९७३ साली आणखी आवळली. २०२१ साली बरीच सैल केली. लाइनबॅकर (बचावातल्या पुढच्या ओळीमागचे), रिसीव्हर (चेंडू झेलणारे) एक आकडी नंबरांत मिरवू लागले. नावाजलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) टॉम ब्रॅडी तेव्हा जाहीरपणे चिडला, कारण समोरचा कोण आहे हे क्वार्टरबॅकही नंबर पाहूनच ओळखतो. २०२३पासून शून्यही मिळतो. या सगळ्या मोकळिकीत मधल्या पाचांच्या वाट्याला मात्र काही आलं नाही. नातवाला सांगा, तुझी बिरादरी अजून ५० ते ७९ मध्येच आहे. आणि त्याला १० हवाच असेल तर क्वार्टरबॅक व्हायला सांगा. त्यासाठी खांदा लागतो, हट्ट नाही.

प्रश्न : क्लीव्हलँड ब्राउन्सचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम एका जुन्या फोटोत ६० नंबरात दिसतो. फोटो खरा असेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फोटो १९५२च्या आधीचा असणार, नंबर बरोबरच आहे. नवा नियम आला आणि ग्रॅहमला ६० सोडून १४ घ्यावा लागला. त्याही आधी रेड ग्रेंज ७७ घालून पळायचा. आज तो नंबर घालून कोणी हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, होऊ शकत नाही. पूर्वी तेच खेळाडू चढाईलाही आणि बचावालाही असत. सेंटर बचावात लाइनबॅकर व्हायचा, म्हणून दोघांना पन्नाशीचे नंबर मिळाले. फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक १९६०पर्यंत दोन्हीकडे खेळत होता, तोही ६० नंबरात.

प्रश्न : क्वार्टरबॅक, हाफबॅक, फुलबॅक : हे पाव, अर्धं, पूर्ण कशाचं?
— तेच वाचक

उत्तर : ओळीपासून मागे किती अंतरावर उभं राहायचं, त्याचं. रग्बीच्या दिवसांतली ही मोजणी. पावावर उभा तो क्वार्टरबॅक, सगळ्यांत मागे तो फुलबॅक. पुढे मांडण्या बदलल्या आणि आता आय-फॉर्मेशनमध्ये, म्हणजे एकामागे एक उभं राहायच्या मांडणीत, फुलबॅकच चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे उभा असतो. नाव बदलायचं कोणाच्या मनातही आलेलं दिसत नाही.