मोठा स्क्रीन घेतला तर ऑफिसचं काम लवकर उरकतं का?

५.५ इंची फोन सोडून ६.५ इंची घेतला तर ऑफिसचं काम लवकर उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. काम कसलं ते लिहिलेलं नाही, म्हणून माझंच सांगतो. मी इचलकरंजीत एका कर सल्लागाराकडे अकाउंट्स बघतो आणि नेमका हाच बदल करून बसलोय.

घरी येऊन पट्टी लावली तेव्हा हसू आलं. दुकानदार सांगतो ते इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. जुना फोन १६:९ चा (म्हणजे उंची १६ भाग तर रुंदी ९), रुंदी साधारण ६.८ सेंटिमीटर. नवा २०:९ चा, रुंदी तेवढीच, उलट केसभर कमी! वाढली ती फक्त उंची, जवळजवळ ३ सेंटिमीटर.

त्यामुळे मेल, व्हॉट्सअ‍ॅप असं वरून खाली वाचायचं काम असेल तर फायदा आहे. कीबोर्ड उघडल्यावरही वर चार ओळी जास्त दिसतात. आमचं काम मात्र आडवं. पार्टीचं (बिल देणाऱ्या व्यापाऱ्याचं) नाव, जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम, आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी असे आठ कॉलम. बिल दुसऱ्या राज्यातलं असेल तर सगळा कर आयजीएसटीत, आपल्याच राज्यातलं असेल तर निम्मा सीजीएसटीत, निम्मा एसजीएसटीत. फोनवर एका वेळी तीन दिसतात, फार तर चार. नावाचा कॉलम फ्रीझ केला, म्हणजे जागेवर अडकवून ठेवला, तर अर्धा स्क्रीन तोच खातो.

मागच्या वर्षी मिरजेला लग्नात होतो. तारीख १९, थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) भरायची मुदत २०. राहिलेली बिलं मांडवाच्या कोपऱ्यात बसून फोनवरच शीटमध्ये चढवली. त्यात निपाणीच्या एका पार्टीचं ६४,००० चं बिल होतं. जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा, म्हणजे कर्नाटक, म्हणजे १८ टक्क्यांचे ११,५२० सरळ आयजीएसटीत जायला हवे. पण नंबरचा कॉलम डावीकडे सरकून गेलेला, आणि सवयीने मी ५,७६० सीजीएसटी, ५,७६० एसजीएसटी टाकून मोकळा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी टू-बीशी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) ताळा करताना २२ इंची मॉनिटरवर एका नजरेत पकडलं. बोलले काही नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता फोनवर ओटीपी, बिलांचे फोटो आणि ‘भरलं का?’ला ‘भरलं’ एवढंच. बाहेरगावी नेण्यासाठी ११ इंची टॅब घेतला, तोही जुना. आडवा धरला की रुंदी साडेतेवीस सेंटिमीटर, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंदीचं ए४ पान खऱ्या मापात मावतं. फोनवर तेच पान एक तृतीयांश होतं, मग झूम करा, सरकवा, परत मागे या. टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड मात्र लागतोच. फोल्डवाले फोन छान आहेत, पण माझ्या पगारात बसत नाहीत.

दुकानात जाताना खिशात पट्टी ठेवा आणि रुंदी मोजा. टॅब घेताना मी लावली, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ‘काका, स्क्रीनगार्ड कापून पायजे काय?’