लिनक्स कर्नल तीस वर्षांनंतरही ‘पूर्ण’ का होत नाही, आणि नवी मुंबईतल्या विद्यार्थ्याला त्यात काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी ऐरोलीला राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नल १९९१ पासून आहे, सगळीकडे व्यवस्थित चालतो. मग हजारो लोक त्यात रोज काय बदलत असतात? आणि माझ्यासारख्याला त्यात काही करता येईल, की ते परदेशातल्या दिग्गजांचंच काम?”

मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत काम करते. कारखान्यांतल्या वीजमीटरचे आकडे वाचून पुढे सर्व्हरला पाठवणारे गेटवे आम्ही बनवतो. आत एक एआरएम बोर्ड असतो, त्यावर लिनक्स. त्या बोर्डाचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहिते.

कर्नल पूर्ण होत नाही, कारण त्याच्याखालचं हार्डवेअर आणि त्याच्यावरचे प्रोग्रॅम, दोन्ही बदलत राहतात. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा सोर्स कोड ४ कोटी ओळींच्या पुढे गेला. त्यातला निम्म्याहून जास्त कोड ड्रायव्हरचा, म्हणजे एकेक हार्डवेअर चालवणारा आहे. नवा प्रोसेसर, नवं वायफाय कार्ड, नवा सेन्सर बाजारात आला की कुणाला तरी त्याचा ड्रायव्हर लिहावा लागतो, आणि एकदा आत घेतलेला ड्रायव्हर पुढची अनेक वर्षं सांभाळावा लागतो. कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदललं तर ते वापरणारे सगळे ड्रायव्हर बदलणाऱ्यानेच दुरुस्त करून द्यायचे, असा तिथला रिवाज आहे. जुनं काढणं हेही कामच. इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचा आधार कर्नलच्या ३.८ या आवृत्तीत गेला, इंटेलच्याच इटॅनियम प्रोसेसरचा ६.७ मध्ये, रायझरएफएस ही फाइल सिस्टीम ६.१३ मध्ये. प्रत्येक वेळी आधी विचारणा होते, ‘हे अजून कोणी वापरतंय का?’ आणि वापरणारा पुढे आला तर काढणं लांबतंही.

काही कामं तर पिढीभर चालतात. ठरलेल्या वेळेत प्रतिसाद मिळालाच पाहिजे अशा यंत्रांसाठीचा रिअल-टाइम कोड जवळपास वीस वर्षं वेगळ्या पॅचच्या (मूळ कोडवर लावायच्या बदलांच्या) रूपात सांभाळला गेला, थोडा थोडा करून मुख्य कर्नलमध्ये येत राहिला, आणि शेवटचा महत्त्वाचा भाग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ६.१२ बरोबर आला. आमच्यासारख्या कारखान्यांच्या धंद्यातल्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. वीस वर्षं ते ओझं वाहणाऱ्या मोजक्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या सगळ्याला एक लय आहे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते, तेवढ्यातच नवीन गोष्टी आत घेतल्या जातात. मग कर्नलचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स आरसी-१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, चाचणीची आवृत्ती) काढतात आणि तिथून पुढे फक्त दुरुस्त्या. दर रविवारी एक आरसी, सहसा सातपर्यंत, कधी आठपर्यंत. टॉर्वाल्ड्स अमेरिकेत ओरेगॉनला राहतात, त्यामुळे त्यांच्या रविवारी दुपारी निघालेली आरसी आपल्याला सोमवारी पहाटे मिळते. एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात आणि ते करणारे दोन हजारांच्या आसपास लोक. एवढं सगळं चालू गाडीखाली करायचं, कर्नलला मेगाब्लॉक नसतो.

आणि या सगळ्यावर एक नियम आहे: वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही. नव्या कर्नलमुळे जुना प्रोग्रॅम किंवा जुनं हार्डवेअर चालेनासं झालं तर त्याला रिग्रेशन म्हणतात. तो प्रोग्रॅम मुळात चुकीचा लिहिला होता, ही सबब तिथे चालत नाही. बदल करणाऱ्याने दुरुस्ती द्यायची, नाहीतर तो बदलच मागे घेतला जातो. माझ्या मते कर्नल इतकी वर्षं टिकला त्यात या नियमाचा वाटा कुठल्याही हुशार अल्गोरिदमपेक्षा मोठा आहे.

आमच्याकडचाच एक किस्सा सांगते, म्हणजे हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते कळेल.

आमचे गेटवे मीटरशी आरएस-४८५ वर बोलतात. यात बोलायला आणि ऐकायला तारांची एकच जोडी असते. गेटवेने प्रश्न पाठवला की लगेच स्वतःचा ट्रान्समीटर बंद करायचा, म्हणजे मीटरला उत्तर देता येतं. हा ट्रान्समीटर चालू-बंद करायचं काम सीरियल ड्रायव्हर आरटीएस नावाच्या लाइनवरून करतो. नव्या कर्नलवर गेलो आणि टेस्ट बेंचवर एका बनावटीचे मीटर उत्तर देईनात. शेजारीच जोडलेले दुसऱ्या बनावटीचे मीटर मात्र व्यवस्थित. पहिला संशय सगळ्यांचा वायरिंगवर गेला, मग मीटरवर. जुना कर्नल टाकला की सगळं पुन्हा सुरू, तेव्हा कुठे कर्नलकडे लक्ष गेलं.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन म्हणजे गिट; त्यातलं बायसेक्ट इथे कामाला येतं. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगायची, गिट बरोबर मधला बदल काढून देतं. तो बिल्ड करायचा, बोर्डवर टाकायचा, मीटर बोलतोय का पाहायचं, ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असं उत्तर द्यायचं. दर फेरीला उरलेले बदल निम्मे होतात. दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये चौदा हजार बदल असले तरी साधारण चौदा फेऱ्यांत तुम्ही नेमक्या एका बदलापाशी पोचता. कर्नलचं आतलं काहीही कळत नसलं तरी हे करता येतं, फक्त चिकाटी लागते.

सापडलेला बदल दिसायला अगदी निरुपद्रवी होता. ट्रान्समीटर बंद करायची वेळ कर्नलच्या साध्या टायमरवर टाकली होती. आमच्या बोर्डवर कर्नलची टिक, म्हणजे वेळ मोजायचा ठोका, सेकंदाला १०० आहे, म्हणजे तो टायमर १० मिलिसेकंदांहून बारीक मोजूच शकत नाही. ९६०० बॉडवर एक बाइट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो आणि मॉडबस (मीटरशी बोलायची ठरलेली पद्धत) वापरणारा मीटर ४ मिलिसेकंदांच्या शांततेनंतर उत्तर द्यायला मोकळा असतो. चटकन उत्तर देणाऱ्या मीटरचे पहिले बाइट आमच्याच ट्रान्समीटरखाली दबत होते, सीआरसी (निरोप शाबूत आला का ते तपासायचा आकडा) जुळत नव्हता, आणि अख्खं उत्तर फेकलं जात होतं. सावकाश उत्तर देणारे मीटर वाचत होते. ऑसिलोस्कोपवर आरटीएसची रेघ मीटरच्या उत्तरावर चढलेली स्पष्ट दिसली. ज्याच्या मशीनवर टिक सेकंदाला १००० आहे त्याला हे दिसलंच नसतं, त्यामुळे बदल करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

बदल करणारा आणि त्या ड्रायव्हरचा मेंटेनर (तो भाग सांभाळणारा), दोघांना आम्ही मेल लिहिली: कोणत्या बदलापासून बिघडलं, कोणता बोर्ड, टिक किती, स्कोपवर काय दिसतं. मूळ लेखकानेच दुरुस्ती पाठवली, साध्या टायमरऐवजी हाय-रिझोल्यूशन टायमर वापरून. आम्ही ती बेंचवर तपासून कळवलं. बदलाच्या नोंदीखाली ‘फिक्सेस’ या खुणेपुढे मूळ बदलाच्या हॅशची (गिटमधल्या त्याच्या ओळखखुणेची) पहिली बारा अक्षरं आली, आमच्यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’ (कळवणारे) आणि ‘टेस्टेड-बाय’ (तपासणारे) आलं. आम्ही कर्नलमध्ये एक ओळही लिहिली नव्हती, तरी ती दुरुस्ती आमच्या बेंचशिवाय झाली नसती.

ती दुरुस्ती आमच्या गेटवेपर्यंत कशी आली, हेही सांगायला हवं, कारण सांभाळण्याचं खरं काम तिथेच आहे. दुरुस्ती आधी टॉर्वाल्ड्स यांच्या मुख्य कर्नलमध्ये जाते. मग ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन तिच्यासारख्या दुरुस्त्या वेचून स्टेबल, म्हणजे आधीच निघालेल्या आणि आता फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या, आवृत्त्यांमध्ये नेतात. आधी मुख्य कर्नलमध्ये गेलेलं नसेल तर स्टेबलमध्ये घेत नाहीत, आणि पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत हवा. वर्षाला साधारण एक आवृत्ती दीर्घ मुदतीची म्हणून निवडली जाते आणि निदान दोन वर्षं सांभाळली जाते. कारखान्याच्या भिंतीवर बसलेल्या यंत्राला दोन वर्षं म्हणजे काहीच नाहीत. त्यासाठी लिनक्स फाउंडेशनखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प आहे, तो ५.१० आणि ६.१ सारख्या मोजक्या आवृत्त्या दहा वर्षं तरी जगवायचं काम करतो. आम्ही त्याच्या आधाराने चालतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दिग्गजांचा. कोडच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये मेंटेनर्स नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे. कोणता भाग कोण बघतं ते त्यात लिहिलेलं असतं. पॅच टॉर्वाल्ड्सना थेट पाठवायचा नसतो, त्या भागाच्या मेंटेनरला साध्या मजकुराच्या मेलने पाठवायचा असतो. तो वाचतो, प्रश्न विचारतो, तुम्ही दुसरी आवृत्ती पाठवता, मग तिसरी. पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहावं लागतं, निनावी चालत नाही. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती सही. ही पद्धत २००४ मध्ये आली, कर्नलमधला कोड कुणाच्या मालकीचा यावरून कोर्टकज्जे चालू होते तेव्हा. कोड तुम्ही एआयकडून लिहून घेतला असेल तरी सही तुमची आणि जबाबदारीही तुमची, हे तुमच्या वयाच्या मुलांना मी मुद्दाम सांगते. हा सगळा डोलारा विश्वासावर उभा आहे. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवल्याचं उघड झालं, तेव्हा त्या विद्यापीठाचं योगदान घेणं थांबवण्यात आलं आणि त्यांचे आधीचे शेकडो पॅच पुन्हा तपासायला लोकांचे कामाचे दिवस गेले.

कोड लिहिणारे आज पुरेसे आहेत. कमी पडतात ते दुसऱ्याचा पॅच नीट वाचणारे आणि वेगवेगळ्या हार्डवेअरवर तपासून सांगणारे. यंत्रं बरंच काम करतात: गूगलचा सिझबॉट कर्नलला उलटसुलट सिस्टीम कॉल (प्रोग्रॅम कर्नलकडे करतात त्या मागण्या) देऊन बग शोधतो, इंटेलचा टेस्ट रोबोट आलेला पॅच बिल्ड करून बघतो. पण तुमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पीसीचं साउंड कार्ड त्यांच्याकडे असेलच असं नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. स्पेलिंग सुधारणारा एखादा पॅच पाठवून बायोडेटात ‘कर्नल कॉन्ट्रिब्युटर’ लिहायची घाई करू नका. पद्धत शिकायला तसा एक पॅच ठीक आहे, त्यापलीकडे त्यात काही नाही. त्यापेक्षा घरचा जुना लॅपटॉप घ्या आणि त्यावर दर आरसी बिल्ड करून चालवा. बिल्डला तासन्‌तास लागत असतील तर ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरा, म्हणजे तुमच्या मशीनवर लोड झालेल्याच मॉड्यूलपुरतं कॉन्फिगरेशन उरतं. लॅपटॉप नसेल तर क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये) चालवा, पण खऱ्या हार्डवेअरची सर त्याला नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) नवीन वॉर्निंग आली का, झोपवलेला लॅपटॉप नीट उठतो का, वायफाय पुन्हा जोडतं का, एवढं बघितलं तरी पुष्कळ आहे.

त्याच्या जोडीला एकच छोटा भाग निवडा. एखाद्या तापमान सेन्सरचा ड्रायव्हर घ्या, काहीशे ओळींचा असतो. तो सेन्सर विकत घ्या, डेटाशीट आणि कोड शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ वाचा. मग त्या भागात येणारे इतरांचे पॅच वाचायला लागा. सुरुवातीला समजणार नाहीत, दोन-तीन महिन्यांनी मेंटेनर काय विचारणार याचा अंदाज यायला लागतो. स्वतःचा पॅच पाठवाल तो त्यानंतर, पॅचची मांडणी तपासणाऱ्या ‘चेकपॅच’ या स्क्रिप्टने तपासून.

नोकरीचं म्हणाल तर कर्नलमधलं बहुतेक काम आज पगारी माणसंच करतात, कंपन्यांना त्याची गरज आहे म्हणून. तुमच्या घराच्या आजूबाजूला, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात, जी डेटा सेंटर उभी आहेत त्यांत लिनक्सचाच भरणा आहे. मुलाखतीत उमेदवाराने स्वतः पकडलेलं एखादं रिग्रेशन आणि त्यावर झालेला मेलव्यवहार दाखवला, तर मी तरी मार्कशीट नंतर बघते.

मेल पाठवली आणि उत्तर आलं नाही, तर लगेच नाराज होऊ नका. मर्ज विंडो चालू आहे का ते आधी बघा, त्या दोन आठवड्यांत मेंटेनरना श्वास घ्यायला फुरसत नसते. विंडो संपून आरसी-१ आली, तरी आणखी आठवडाभर थांबा आणि मग त्याच मेलला दोन ओळींत आठवण करा. मात्र रिग्रेशन असेल तर इतकं थांबू नका, विषयाच्या ओळीत तसं स्पष्ट लिहा आणि कोणत्या बदलापासून बिघडलं तो हॅश द्या. अशा मेलला सहसा लवकर उत्तर येतं.